पावसाळ्यात आर्गॉनची व्हिस्कॉसिटी एक टक्का जास्त का दिसते?

ठाण्यातल्या वागळे इस्टेटच्या आमच्या गाळ्यात गॅसची व्हिस्कॉसिटी, म्हणजे चिकटपणा, आवाजावरून मोजणारा दोन चेंबरचा रेझोनेटर आहे. रबाळे आणि महाप्यातल्या ओळखीच्या लोकांकडेही त्याच जातीची यंत्रं आहेत, आणि सगळ्यांची तक्रार एकच. जानेवारीत आर्गॉन भरला, २५ अंश सेल्सिअसला स्थिर केला, एक बारला रीडिंग घेतलं की २२.६ मायक्रोपास्कल-सेकंद येतात. अगदी संदर्भ कोष्टकात आहेत तेवढेच. जून संपता संपता तोच सेटअप आणि तोच सिलिंडर २२.८ दाखवायला लागतो. ऑक्टोबरनंतर आकडा आपोआप खाली येतो, आणि पुढच्या पावसात पुन्हा वर.

यावर बहुतेक ठिकाणी एकच इलाज होतो: प्रोग्रॅममध्ये ०.९९ चा करेक्शन फॅक्टर टाकायचा आणि रिपोर्ट पुढे पाठवायचा. कृपा करून हे करू नका. तो फॅक्टर एक बारच्या आर्गॉनला लागू पडतो. त्याच फॅक्टरने उद्या पाच बारचा नायट्रोजन मोजलात तर बरोबर येणारं उत्तर तुम्ही स्वतःच्या हाताने बिघडवाल. चूक किती आहे यापेक्षा ती कशाबरोबर बदलते हे आधी बघायला हवं. दाब बदलला, गॅस बदलला, आवाज काढणाऱ्या ड्रायव्हरचा व्होल्टेज बदलला, तर चूक तेवढीच राहते की कमीजास्त होते? एवढं कळलं की कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

यंत्र नेमकं काय मोजतं

दोन बंद चेंबर आणि त्यांना जोडणारी एक अरुंद नळी. एका चेंबरला ड्रायव्हर, दुसऱ्याला मायक्रोफोन. ठरावीक वारंवारतेला नळीतला गॅस जोरात मागे-पुढे हलतो आणि दोन्ही चेंबरमधला गॅस आळीपाळीने दाबला जातो. नळीच्या भिंतीलगत गॅसचा एक पातळ थर भिंतीला धरून राहतो, तिथे घर्षणाने ऊर्जा खर्च होते. हा थर जेवढा जाड, तेवढी अनुनादाची शिखररेषा रुंद. रुंदीवरून थराची जाडी काढायची आणि मग:

व्हिस्कॉसिटी = पाय × वारंवारता × घनता × थराच्या जाडीचा वर्ग

ही रचना मार्टिन ग्रीनस्पॅन यांची. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९५३ साली त्यांनी आणि विमेनिट्झ यांनी तिच्यावर काम केलं, पण तेव्हाची उत्तरं ज्ञात किमतींपासून बरीच दूर होती. त्याच संस्थेत, म्हणजे आताच्या निस्टमध्ये, गिलिस, मेहल आणि मोल्डोव्हर यांनी १९९६ मध्ये नळीच्या टोकांपाशी होणारा ऊर्जेचा ऱ्हास आणि चेंबरच्या भिंतींवरचा उष्णतेचा ऱ्हास नीट हिशेबात धरला, आणि त्याच रचनेची उत्तरं एका टक्क्याच्या आत येऊ लागली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मधल्या काळात यंत्राची मूळ कल्पना बदलली नाही, ऱ्हासाचा हिशेब सुधारला.

आमचे चेंबर प्रत्येकी साधारण ३० घनसेंटिमीटरचे आहेत. नळी ३० मिलिमीटर लांब, त्रिज्या २.५ मिलिमीटर. एक बार आर्गॉनमध्ये अनुनाद ३१० हर्ट्झच्या आसपास येतो, हेलियममध्ये साडेनऊशेच्या थोडा वर. आर्गॉनमध्ये भिंतीलगतचा थर ०.१२ मिलिमीटर, क्यू (वारंवारता भागिले शिखराची रुंदी) १८ च्या जवळपास, म्हणजे शिखराची रुंदी १७ हर्ट्झ. पुढचे आकडे या मापांसाठी आहेत, तुमची मापं वेगळी असतील तर ते त्या प्रमाणात बदलतील.

दोन प्रमाणं मात्र कायम ध्यानात असू द्या. रुंदीत एक टक्का चूक झाली तर व्हिस्कॉसिटीत दोन टक्के होते, कारण जाडीचा वर्ग येतो. घनतेत एक टक्का चूक झाली तर व्हिस्कॉसिटीतही सरळ एक टक्का.

आधी दाब तपासा

पावसाळ्यातल्या एका टक्क्याचं कारण बहुतेक वेळा घनतेत असतं. घनता आपण मोजत नाही, दाब आणि तापमानावरून काढतो. आणि दाब मोजणारं गेज वातावरणाच्या तुलनेत दाब दाखवतं.

"सर, व्हेंट उघडा ठेवून पर्ज केलं, म्हणजे आर्गॉन सोडून आतली हवा बाहेर काढली, मग बंद केलं. गेज शून्यावर आहे, म्हणजे एक अॅटमॉस्फिअरच ना?" असं आमच्या टेक्निशियनने विचारलं तेव्हा बाहेर जुलैचा पाऊस कोसळत होता. प्रोग्रॅममध्ये वातावरणाचा दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल असा पक्का लिहिलेला होता. मोबाइलमधलं बॅरोमीटर उघडून टेबलावर गेजशेजारी ठेवलं: १००३. गेजचा काटा शून्यावर आणि चेंबरमध्ये प्रत्यक्षात एक टक्का कमी गॅस. प्रोग्रॅम एक टक्का जास्त घनता धरत होता आणि व्हिस्कॉसिटी तेवढीच वर जात होती. २२.६ चे २२.८ झाले ते इथे.

आपल्या किनाऱ्यावर समुद्रसपाटीचा दाब जानेवारीत साधारण १०१२-१३ हेक्टोपास्कल असतो आणि जुलैत १००३-०४ पर्यंत उतरतो. म्हणजे १०१३.२५ ही प्रमाण किंमत आपल्याकडे हिवाळ्यात योगायोगाने बरोबर ठरते. हिवाळ्यात यंत्र चोख चालतं म्हणून सगळे निर्धास्त राहतात आणि दोष पावसावर, दमटपणावर, सिलिंडरच्या पुरवठादारावर जातो.

याच कारणाचा एक धाकटा भाऊ आहे. उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा वर-खाली होतो. सकाळी १० च्या सुमारास जास्त, दुपारी ४ च्या सुमारास कमी, फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा. सकाळी भरलेल्या आर्गॉनपेक्षा दुपारी भरलेला आर्गॉन ०.२ ते ०.३ टक्के "जास्त चिकट" येत असेल तर गॅसवर संशय घेण्याआधी हा हिशेब करून बघा.

खात्री करायची पद्धत सोपी आहे. आर्गॉन एक, दोन आणि पाच बारला मोजा. दाबात दहा हेक्टोपास्कलची ठरावीक चूक असेल तर ती एक बारला एक टक्का, दोन बारला अर्धा टक्का आणि पाच बारला ०.२ टक्के दिसेल. दाब वाढेल तशी चूक त्याच प्रमाणात घटली की कारण सापडलं. मात्र दोन पथ्यं पाळा. तुलना त्या त्या दाबाच्या संदर्भ किमतीशी करा, कारण दाबाबरोबर आर्गॉनची व्हिस्कॉसिटी स्वतःही किंचित वाढते. आणि पाच बारला घनता आदर्श वायूच्या सूत्राने काढू नका, तिथे साधारण ०.३ टक्के फरक पडतो आणि तुम्ही शोधत असलेली खूण नेमकी तेवढ्यातच बुडते.

कायमचा उपाय म्हणजे निरपेक्ष दाब दाखवणारा सेन्सर बसवणं. तो येईपर्यंत तुमचं इलेक्ट्रॉनिक गेजच बॅरोमीटर म्हणून वापरता येतं. चेंबर व्हॅक्यूम पंपाने पूर्ण ओढा. गेज जो उणे आकडा दाखवेल तोच त्या क्षणाचा वातावरणाचा दाब. तोच प्रोग्रॅममध्ये भरा, दर वेळी गॅस भरताना. हवामानाच्या अॅपवरचा आकडा घेत असाल तर तो बहुधा समुद्रसपाटीला आणलेला असतो हे ध्यानात ठेवा. दर आठ-साडेआठ मीटर उंचीला एक हेक्टोपास्कल कमी होतो, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात ०.१ टक्का तिथेच गेला.

दमटपणाचा संशय असेल तर आर्गॉनला विचारू नका

दाब दुरुस्त केल्यावरही तफावत राहिली तर गळती किंवा ओलावा. इथे बरेच जण आर्गॉनची अनुनाद वारंवारता बघतात, ती जागेवर आहे म्हणून गॅस शुद्ध मानतात आणि पुढे जातात. ही तपासणी निरुपयोगी आहे, आणि तिचं कारण मजेदार आहे.

आर्गॉनमध्ये एक टक्का पाण्याची वाफ मिसळली तर मिश्रण हलकं होतं आणि आवाजाचा वेग सुमारे ०.२७ टक्क्याने वाढतो. पण वाफेच्या रेणूंमुळे उष्णताधारितांचं (स्थिर दाबाच्या आणि स्थिर आकारमानाच्या) गुणोत्तर घसरतं आणि वेग ०.२ टक्क्याने कमी होतो. दोन्ही मिळून फरक उरतो ०.०७ टक्के, म्हणजे ३१० हर्ट्झमध्ये ०.२ हर्ट्झ. तापमान अर्धा अंश हललं तरी याहून जास्त फरक पडतो. हवा शिरली तर दोन्ही परिणाम जवळजवळ पूर्णच एकमेकांना खातात. आर्गॉनच्या वारंवारतेला ओलावाही दिसत नाही आणि हवाही दिसत नाही.

हेलियमचं तसं नाही. तो इतका हलका आहे की त्यात हायड्रोजन सोडून काहीही मिसळलं तरी मिश्रण जड होतं. एक टक्का हवा शिरली तर आवाजाचा वेग तीन टक्के पडतो आणि अनुनाद २५ ते ३० हर्ट्झ खाली सरकतो. घनता खरी सहा टक्के वाढलेली असते, प्रोग्रॅम शुद्ध हेलियमची धरतो, म्हणून व्हिस्कॉसिटी सहा टक्के कमी येते. वाफ एक टक्का असेल तर वारंवारता १५ ते २० हर्ट्झ खाली आणि व्हिस्कॉसिटी तीन-चार टक्के कमी. ओलावा ०.१ टक्का असला तरी जवळपास दोन हर्ट्झचा फरक दिसतो, फक्त तापमान नीट माहीत हवं, कारण एका अंशालाही हेलियमची वारंवारता दीड हर्ट्झहून अधिक हलते.

शिवाय हेलियमची व्हिस्कॉसिटी आज क्वांटम यांत्रिकीच्या गणितातूनच सर्वांत अचूक मिळते, २५ अंशांना १९.८ मायक्रोपास्कल-सेकंद. तुलनेसाठी याहून भरवशाचा गॅस नाही. सिलिंडर महाग पडतो हे खरं, पण एका भरण्याला लागतो किती? चेंबर आणि नळ्या मिळून अर्धा लिटरही होत नाही.

ओलावा सापडला तर आधी नळ्या बघा. कंप्रेस्ड एअरसाठी मिळणारी निळी पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब गॅस लाइनला जोडलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती पाण्याची वाफ आत झिरपू देते, आणि जुलैत बाहेर वाफेची कमतरता नसते. स्टील किंवा तांब्याची नळी घाला. चेंबर साफसफाईसाठी उघडला असेल तर भिंतींवर पाणी बसलेलंच असणार. ६० अंशांपर्यंत गरम करून रात्रभर पंपावर ठेवा, मग कोरड्या गॅसने दोन-तीनदा भरा-ओढा करा. झाकण उघडायचंच असेल तर ते एसी खोलीत, थोडक्या वेळासाठी. ओ-रिंगवर केस, धागा काही नाही ना ते भिंगाने बघा. साबणाच्या पाण्याने मोठी गळती सापडते, ही नाही सापडत.

३०० हर्ट्झचा शेजारी

आर्गॉनची रुंदी दर तासाला वेगळी येत असेल, आणि संध्याकाळी कारखाने सुटल्यावर सगळं शांत होत असेल, तर वीज आणि कंपनं तपासा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झने आणि त्याच्या पटींत गुणगुणतो: २००, ३००. थ्री-फेज मोटरच्या ड्राइव्हमधला रेक्टिफायर नेमका ३०० हर्ट्झची लहर सोडतो. आमचं आर्गॉनचं शिखर ३१० ला, रुंदी १७. म्हणजे ३०० हर्ट्झ बरोबर त्याच्या खांद्यावर बसतो. फिट करताना, म्हणजे मोजलेल्या बिंदूंवर शिखराची रेषा बसवताना, संगणक त्या उंचवट्याला शिखराचाच भाग समजतो आणि रुंदी फुगवतो.

फिट झाल्यावर मोजलेली किंमत वजा फिटची किंमत असा आलेख जरूर काढा. ३०० पाशी सुई उभी राहिलेली दिसली तर २९८ ते ३०२ मधले बिंदू वगळा, लॉक-इनचा (ठरावीक वारंवारतेचाच सिग्नल उचलणाऱ्या अॅम्प्लिफायरचा) टाइम कॉन्स्टंट वाढवा, आणि यंत्राखाली जाड रबर आणि वजनदार ग्रॅनाइटची फरशी टाका. शेजारच्या गाळ्यातला कंप्रेसर जमिनीतून येतो, हवेतून नाही. आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी एकदा मोजून ठेवलेलं रीडिंग अशा वेळी फार उपयोगी पडतं. नवं यंत्र बनवत असाल तर नळी थोडी आखूड करून शिखर शंभराच्या पटीपासून दूर न्या.

याला जोडून आणखी एक तपासणी. चेंबर पूर्ण व्हॅक्यूमवर घ्या आणि ड्रायव्हर चालू ठेवून तीच वारंवारता फिरवा. गॅस नाही तर आवाज नाही, तरीही मायक्रोफोनवर जे काही येतं ते तारांमधून किंवा यंत्राच्या धातूतून येतं. क्यू १८ एवढा कमी असताना ही पार्श्वभूमी दुर्लक्षून चालत नाही. फिटमध्ये तिच्यासाठी एक स्थिर आणि एक वारंवारतेबरोबर बदलणारी संज्ञा ठेवा, दोन्ही संमिश्र संख्या.

ड्रायव्हरचा व्होल्टेज अर्धा करा

रुंदी बदलली नाही तर पुढे चला. कमी झाली तर नळीच्या तोंडाशी गॅस भोवरे सोडतोय, ती ऊर्जा व्हिस्कॉसिटीच्या खात्यात जमा होतेय. रुंदी स्थिर होईपर्यंत व्होल्टेज उतरवा. नळीच्या काठावर टर्निंगनंतर उरलेली धारदार कडा असेल तर ती हलकी गोलाई देऊन काढून टाका, पण आतल्या त्रिज्येला हात लावू नका.

चूक सगळ्या दाबांना सारखीच असेल

एक बारला दीड टक्का, पाच बारलाही दीड टक्का. मग संशयित दोन: नळीची त्रिज्या आणि चेंबरच्या भिंतीवरचा उष्णतेचा ऱ्हास. २.५ मिलिमीटरच्या त्रिज्येत २५ मायक्रॉनची चूक म्हणजे एक टक्का, आणि व्हिस्कॉसिटीत दोन टक्के. ड्रॉइंगवरचं माप धरू नका, बोअर गेजने दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजून घ्या. रीमर केलेली नळी टोकाला हमखास थोडी मोठी असते.

उष्णतेचा ऱ्हास आमच्या यंत्रात आर्गॉनसाठी घर्षणाच्या साधारण १६ टक्के आहे, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा मुळीच नाही. पण तो दाबाबरोबर घर्षणासारखाच बदलतो, त्यामुळे दाब बदलून दोघांना वेगळं करता येत नाही. आर्गॉनऐवजी हेलियम घेऊनही नाही, कारण दोन्ही एकअणू वायू आणि उष्णतेच्या बाबतीत जवळजवळ सारखे. इथे नायट्रोजन कामाला येतो. त्याच्यात हा ऱ्हास बराच कमी असतो (त्याचा गुणक, म्हणजे उष्णताधारितांचं गुणोत्तर वजा एक, आर्गॉनमध्ये ०.६७, नायट्रोजनमध्ये ०.४०). आर्गॉन आणि नायट्रोजन, २५ अंशांना १७.८ मायक्रोपास्कल-सेकंद, दोघांमध्ये चूक सारख्याच टक्क्याने आली तर त्रिज्या मोजा. आर्गॉनमध्ये जास्त आणि नायट्रोजनमध्ये कमी आली तर चेंबरच्या आतल्या पृष्ठफळाचा हिशेब पुन्हा करा. खडबडीत कास्टिंग असेल तर खरं पृष्ठफळ ड्रॉइंगपेक्षा जास्त असतं. आतून घासून गुळगुळीत करून घेणं हाच उपाय.

थर्मामीटर चेंबरच्या बाहेर चिकटवलेला असेल तर तोही याच गटात धरा. तो एक अंश जास्त दाखवत असेल तर आर्गॉनचं उत्तर संदर्भ किमतीपेक्षा ०.६ टक्के कमी दिसतं. सेन्सरसाठी धातूत भोक पाडून तो आत बसवा आणि एसीचा झोत यंत्रावरून वळवा.

कार्बन डायऑक्साइड वेगळा का वागतो

आर्गॉन, हेलियम, नायट्रोजन तिन्ही जुळले आणि कार्बन डायऑक्साइड तेवढा १४.९ ऐवजी काही टक्के जास्त येतोय, अशीही तक्रार येते. इथे यंत्रात दोष शोधू नका. या रेणूच्या वाकण्याच्या कंपनात ऊर्जा जायला आणि परत यायला एक बारला काही मायक्रोसेकंद लागतात. प्रत्येक आवर्तनात त्या उशिरामुळे थोडी ऊर्जा वाया जाते आणि शिखर रुंदावतं. आमच्या वारंवारतेला हा वाटा एकूण ऱ्हासाच्या एक-दोन टक्क्यांचा, म्हणजे व्हिस्कॉसिटीत दुप्पट. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी वेगळी संज्ञा हवी. ओळखायची खूण अशी की दाब चौपट केल्यावर ही चूक निम्मी होते. बॅरोमीटरची चूक असती तर ती पावपट झाली असती.

पाण्याच्या वाफेचा अगदी थोडा अंशही ही देवाणघेवाण कितीतरी वेगवान करतो. म्हणून ओला कार्बन डायऑक्साइड कोरड्यापेक्षा "बरोबर" दिसतो. जुलैत हा आकडा कोणी काही न करता अचानक १४.९ वर येऊन बसला तर रिपोर्टवर सही करू नका. चेंबर ओढा, हेलियम भरा आणि वारंवारता बघा.